हिरडीचं कलम : उघड्या पडलेल्या दाताच्या मुळावर पुन्हा हिरडी कशी बसवतात

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत माझ्या खालच्या डाव्या सुळ्यामुळे पाणी पिणं अवघड झालं. फ्रिजचं सोडाच, माठातलं पाणी लागलं तरी सणकन कळ जायची. ओठ खाली ओढून आरशात पाहिलं, तर तो सुळा शेजारच्या दातांपेक्षा लांब दिसत होता. वरचा भाग पांढरा, मग एक बारीक रेष आणि तिच्याखाली पिवळसर पट्टा. नख वरून खाली आणलं की बरोबर त्या रेषेवर अडायचं. दात वाढला नव्हता, हिरडी खाली सरकली होती. एवढे दिवस झाकलेलं दाताचं मूळ उघडं पडलं होतं.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी हिरड्यांच्या तज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांना पेरिओडॉन्टिस्ट म्हणतात. दंतवैद्यकाची पदवी घेतल्यावर आणखी तीन वर्षं फक्त हिरड्या आणि दातांच्या आधाराचं शिक्षण घेतलेले हे डॉक्टर. मॅडमनी खुणा असलेली बारीक सळई दाताला लावून मोजलं. ‘4 मिलिमीटर,’ त्या म्हणाल्या. ‘टाळूतून थोडा तुकडा काढून इथे ग्राफ्ट बसवू या.’

घरी येऊन मी गावी अण्णांना फोन केला. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, आणि अण्णांचं सगळं आयुष्य आंब्याची कलमं बांधण्यात गेलं. माझं सगळं ऐकून घेतल्यावर ते एवढंच बोलले, ‘म्हणजे कलमच की.’ पुढच्या वर्षभरात या विषयावर मी पुष्कळ वाचलं, डॉक्टरांना भंडावून सोडलं. पण हे प्रकरण समजायला सगळ्यांत जास्त उपयोग झाला तो अण्णांच्या त्या तीन शब्दांचा. हिरडीच्या शस्त्रक्रियेतल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीचं कारण कलमाच्या नियमात सापडतं. जोडलेल्या तुकड्याला नव्या जागेतून रस मिळाला पाहिजे आणि तोवर तो हलता कामा नये. झाडात रस, हिरडीत रक्त, एवढाच फरक.

आधी हिरडी म्हणजे काय ते पाहू

ओठ ओढून बघितलंत तर दोन रंग दिसतील. दाताला लागून फिकट गुलाबी, घट्ट, संत्र्याच्या सालीसारखी बारीक खड्डे असलेली पट्टी. तिच्याखाली लालसर, चमकदार आणि ओठाबरोबर हलणारी मऊ त्वचा. वरची घट्ट पट्टी ही खरी कामाची हिरडी. ती हाडाला पक्की चिकटलेली असते, घास घासला किंवा ब्रश फिरला तरी जागची हलत नाही. खालची मऊ त्वचा नाजूक असते, तिला घर्षण सोसत नाही. काही जणांची घट्ट पट्टी मुळातच अरुंद आणि पातळ असते, इतकी की सळई आत घातली तर ती हिरडीतून आरपार दिसते. अशांच्या हिरड्या लवकर खाली जातात.

हिरडीच्या मागे हाड असतं आणि हिरडी त्या हाडाच्या आधाराने उभी असते. दाताच्या बाहेरच्या, म्हणजे ओठाकडच्या बाजूला हे हाड कागदासारखं पातळ असू शकतं. सुळा जबड्याच्या वळणावर असल्याने जरा पुढे आलेला असतो, म्हणून तिथे ते आणखी पातळ. काही ठिकाणी तर हाड नसतंच आणि मुळावर नुसती हिरडी ताणून बसलेली असते. आधार नसलेली हिरडी थोड्याशा जाचानेही सरकते.

मूळ उघडं पडलं की कळ का येते, तेही समजून घेण्यासारखं आहे. दाताच्या वरच्या भागावर इनॅमलचं कठीण कवच असतं. मुळावर ते नसतं. तिथे सिमेंटम नावाचा अगदी पातळ थर असतो, तो ब्रशने सहज झिजतो. त्याखालच्या डेंटिनमध्ये एका चौरस मिलिमीटरला हजारोंनी सूक्ष्म नळ्या असतात, त्या थेट दाताच्या नसेकडे जातात आणि त्यांच्यात द्रव असतो. गार पाणी लागलं की हा द्रव हलतो आणि ती हालचाल नसेला कळ म्हणून कळते. शिवाय मुळाचा भाग आम्लाला इनॅमलपेक्षा लवकर विरघळतो, त्यामुळे तिथे कीडही लवकर लागते. उघडं मूळ हा फक्त दिसण्याचा प्रश्न राहत नाही तो यामुळे.

हिरडी खाली जाते कशाने

याचं उत्तर देणारा एक फार बोलका अभ्यास आहे. हिरड्यांच्या आजारांचे संशोधक हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1969 मध्ये नॉर्वेतले सुशिक्षित तरुण आणि 1970 मध्ये श्रीलंकेतले चहामळ्यांतले मजूर अशा दोन गटांचे दात तपासायला सुरुवात केली आणि वर्षानुवर्षं त्यांचा मागोवा घेतला. नॉर्वेकर लहानपणापासून नियमित ब्रश करणारे, दंतवैद्याकडे वेळेवर जाणारे. मळ्यातल्या मजुरांना ब्रश आणि दवाखाना दोन्ही जवळजवळ अप्राप्य. हिरड्या खाली गेल्याचे आकडे 1992 साली छापून आले. पन्नाशीच्या जवळ पोचलेल्या नॉर्वेकरांपैकी 90 टक्क्यांहून जास्त लोकांत कुठे ना कुठे हिरडी खाली गेलेली होती, मुख्यतः दाताच्या बाहेरच्या बाजूला. मजुरांमध्ये चाळिशीपर्यंत सगळ्यांचीच हिरडी खाली गेलेली होती, आणि तीही बाहेरून, आतून, दोन दातांच्या मधून, सगळीकडून.

हे वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. म्हणजे दात न घासणाऱ्यांची हिरडी जाते, आणि मन लावून घासणाऱ्यांचीही जाते. वाटा मात्र वेगळ्या. एका वाटेवर दातावर थर साचतो, त्याचं कडक कीटण होतं, हिरडी सुजते, रक्त येतं आणि आतलं हाडच खचत जातं. आपण ज्याला पायरिया म्हणतो तो हा. दुसऱ्या वाटेवर आजार नसतो. हिरडी निरोगी, गुलाबी असते, पण कडक ब्रशने आडवं करवतीसारखं घासून ती झिजवलेली असते. उजव्या हाताने घासणाऱ्याचा जोर डावीकडच्या सुळ्यावर जास्त पडतो, असं डॉक्टर सांगतात. माझा दात नेमका तोच होता आणि ब्रश ‘हार्ड’.

आपल्याकडे यात मिश्रीची भर आहे. भाजून काळी केलेली तंबाखूची पूड दिवसातून चारदा बोटाने दातांवर घासायची आणि तोंडात धरून बसायचं. महाराष्ट्राच्या कितीतरी घरांत आजी, मावशी, काकू हे वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. माझी मावशीही त्यांतलीच. मिश्रीने दात साफ होतात, दुखणं थांबतं, असा समज असतो. तंबाखूने थोडी बधिरता येते, म्हणून दुखणं थांबल्यासारखं वाटतं. खाली मात्र पूड हिरडीला खरवडत असते आणि तंबाखू तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढवत असतो. कोळशाची पूड, विटेची पूड, खरखरीत दंतमंजन यांनीही झीज होते. याशिवाय ओठाचा पडदा हिरडीच्या काठाला ओढत असेल, दात रांगेबाहेर आलेला असेल, तारा लावून दात हाडाच्या बाहेर ढकलला गेला असेल किंवा कॅपची कड हिरडीत रुतत असेल, तरीही हिरडी खाली जाते.

मोठ्या माणसाची एकदा खाली गेलेली हिरडी मलम, तेल, चूर्ण किंवा गुळण्यांनी वर येत नाही. ‘आठ दिवसांत हिरड्या पुन्हा वाढवा’ असले व्हिडिओ रोज फिरतात, म्हणून हे ठासून सांगतो. हिरडीला वर चढायला आधार लागतो आणि उघडं मूळ म्हणजे कातळ. त्यावर रक्तवाहिनी नाही, तिथे आपोआप काही रुजत नाही.

प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागत नाही

हिरडी एक-दोन मिलिमीटर खाली आहे, वर्षानुवर्षं तिथेच आहे, कळ येत नाही, साफ करायला अडचण नाही, तर मोजून, फोटो काढून लक्ष ठेवणं पुरतं. कळ येत असेल तर पोटॅशियम नायट्रेट असलेली टूथपेस्ट काही आठवडे नेटाने वापरून बघतात. ग्राफ्टचा विचार होतो तो हिरडी वर्षागणिक आणखी सरकत असेल, घट्ट पट्टी उरलीच नसेल आणि ब्रश लागला की दुखत असेल, कळ औषधाने जात नसेल, मुळाला कीड लागायला लागली असेल, किंवा पातळ हिरडी असलेल्या माणसाला तारा लावायच्या असतील तर. हसताना दात लांब दिसतो, एवढं कारणही पुरेसं आहे. माणसाला आपलं हसू झाकावं लागणं ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

शस्त्रक्रियेआधी कारण दूर करावं लागतं. मला मॅडमनी लगेच तारीख दिली नाही. आधी दात साफ केले, मऊ ब्रश हातात दिला आणि तो हिरडीच्या काठावर तिरका धरून हलकेच फिरवायला शिकवला. महिन्याभराने पुन्हा बोलावलं आणि मी तसंच घासतो आहे याची खात्री झाल्यावरच पुढचं ठरलं. तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, जिथे हे न करता पहिल्याच भेटीत सुरी धरायची तयारी असते, तिथे जाऊच नये. ज्या हाताने जुनी हिरडी झिजवली तो हात नवीही झिजवणारच.

मग प्रश्न येतो, मूळ किती झाकलं जाईल? याचं उत्तर त्या दातापेक्षा दोन दातांच्या मधल्या हिरडीच्या त्रिकोणात असतं. कारण पुन्हा कलमाचंच. मुळाच्या कातळावरून रक्त मिळत नाही, ते दोन्ही बाजूंनी यावं लागतं. बाजूचं हाड आणि हिरडी शाबूत असेल तर नवा तुकडा पुलासारखा मधल्या कातळावर टिकतो. पूल लांब झाला, म्हणजे उघडं मूळ फार रुंद असलं, की मधला भाग उपाशी मरतो. बाजूचे खांबच खचले असतील तर पूल उभाच राहत नाही. अमेरिकेच्या मिलर यांनी 1985 मध्ये आणि इटलीच्या कायरो यांनी 2011 मध्ये जी वर्गवारी केली, ती मुख्यतः या बाजूच्या आधारावरच. कायरोंच्या पहिल्या प्रकारात दातांच्या मधला आधार पूर्ण शाबूत असतो, तिथे मूळ संपूर्ण झाकलं जाण्याची आशा धरता येते. दुसऱ्यात मधलाही आधार थोडा गेलेला असतो, पण बाहेरच्या बाजूपेक्षा जास्त नाही. तिथे काही वेळा पूर्ण, बऱ्याचदा अर्धवट यश येतं. तिसऱ्यात मधला आधार बाहेरच्यापेक्षाही जास्त गेलेला असतो आणि तिथे पूर्ण झाकण्याचं वचन कुणी देऊ नये. दातांच्या मधे काळे त्रिकोण दिसत असतील तर डॉक्टरांना हे आवर्जून विचारा.

भेट कलम आणि कापलेली काडी

आंब्याचं भेट कलम तुम्ही पाहिलं असेल. कुंडीतलं रोप उचलून मोठ्या झाडाच्या फांदीशी नेतात, दोघांची साल थोडी तासून ती एकमेकांना बांधतात. फांदी अजून आपल्या झाडावरच असते, तिला घरचा रस चालू असतो. दोन-तीन महिन्यांनी सांधा जुळला की मग ती मूळ झाडापासून तोडतात. हे कलम सहसा दगा देत नाही, कारण काडी एक दिवसही उपाशी राहत नाही. दुसरी रीत कोय कलमाची. काडी झाडावरून कापून आणायची, पाचरीसारखी तासायची, कोवळ्या रोपाच्या चिरेत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट गुंडाळायची. सांधा जुळेपर्यंत ती काडी स्वतःतल्या ओलाव्यावर तग धरते.

हिरडीतही याच दोन रीती आहेत. ग्रूप आणि वॉरन या दोन दंतवैद्यांनी 1956 मध्ये शेजारच्या दाताची हिरडी एका बाजूने जोडलेली ठेवून उघड्या मुळावर सरकवण्याची पद्धत मांडली. हे सरळसरळ भेट कलम. याच जातीची आणखी एक पद्धत म्हणजे त्याच दाताखालची हिरडी सैल करून वर ओढून टाके घालायचे. टाळूला हात लावावा लागत नाही, रंगही तंतोतंत जुळतो. अडचण एवढीच की हिरडी मुळात पातळ असेल तर ती वर ओढली तरी पातळच राहते आणि काही वर्षांत पुन्हा सरकण्याची भीती असते.

कापलेल्या काडीची रीत म्हणजे टाळूतला तुकडा. 1968 मध्ये सलिव्हन आणि अ‍ॅटकिन्स यांनी ज्या पद्धतीची तत्त्वं मांडली तिच्यात टाळूचा वरच्या त्वचेसकट पातळ तुकडा काढून हिरडीच्या जागी शिवतात. घट्ट पट्टी तयार करायला ही पद्धत आजही उत्तम, विशेषतः खालच्या पुढच्या दातांत. पण टाळूचा रंग फिकट, त्यामुळे सायकलच्या ट्यूबला पंक्चरचा तुकडा लावावा तसा तो कायम उठून दिसतो. टाळूवर उघडी जखमही राहते.

1985 मध्ये लँगर आणि लँगर यांनी दाखवलेल्या पद्धतीने हे दोन्ही प्रश्न बरेचसे सोडवले. टाळूला बारीक चीर देऊन वरची त्वचा दारासारखी उघडायची, खालचा तंतुमय थर तेवढा काढून घ्यायचा आणि दार पुन्हा शिवून टाकायचं. तो थर मुळावर ठेवून त्यावर तिथलीच हिरडी ओढून घ्यायची. आता तुकड्याला खालून आणि वरून, दोन्हीकडून रक्त मिळतं. हा एक दुपदरी बेत आहे आणि मला तो फार सुंदर वाटतो. भेट कलम आणि कापलेली काडी एकाच जागी, एकमेकांना सांभाळत. मूळ झाकण्याच्या पद्धतींत ही आजही सर्वांत भरवशाची मानली जाते. पुढे हिरडीत उभी चीर न देता आतून बोगदा करून त्यातून तुकडा सरकवण्याची सुधारणा आली. चिरा कमी म्हणजे रक्तवाहिन्या कमी तुटतात, सूज कमी, व्रणही कमी.

या सगळ्यात एक गोष्ट मला थक्क करून गेली. रायवळ आंब्याच्या खुंटावर हापूसची काडी बांधली तर फळ हापूसचंच येतं, हे कोकणात पोरंटोरं जाणतात. तसंच काहीसं इथे आहे. कॅरिंग, लँग आणि लो यांनी 1975 मध्ये माकडांवरच्या प्रयोगात दाखवलं, की वर कोणती त्वचा येणार हे खालचा तंतुमय थर ठरवतो. घट्ट हिरडीखालचा थर मऊ, हलत्या जागेत रोवला तर त्यावर घट्ट हिरडीची त्वचा येते. टाळूचा थर उघड्या मुळावर ठेवल्याने पातळ, नाजूक हिरडीच्या जागी जाड, चिवट हिरडी का तयार होऊ शकते, त्याचं उत्तर यात आहे. तो थर आपलं मूळ वळण घेऊन येतो.

प्रत्यक्ष त्या दिवशी

पूर्ण भूल लागत नाही, नेहमीच्या दंतोपचारासारखं इंजेक्शन देऊन जागा बधिर करतात. टाळूतलं इंजेक्शन दुखतं, ते लपवत नाही. पण दहा सेकंदांत संपतं.

मॅडमनी आधी मुळाचा उघडा भाग खरवडून गुळगुळीत केला. मग हिरडीच्या काठातून अगदी बारीक पातं आत सरकवत खिसा तयार केला. त्यानंतर टाक्याच्या दोऱ्याच्या पाकिटातली चंदेरी पन्नी कापून ती त्या खिशावर ठेवून माप घेतलं, आमच्या गल्लीतल्या टेलरकाकांनी कागदावर कॉलर बेतावी तसं. ती पन्नी टाळूवर ठेवून तेवढाच तुकडा काढला. जागा ठरलेली असते, सुळ्याच्या मागून पहिल्या मोठ्या दाढेच्या आसपासपर्यंत. त्याहून मागे आणि खोल गेलं तर टाळूची मोठी रक्तवाहिनी असते, म्हणून शरीररचनेची नीट जाण असलेला हातच इथे हवा. तुकडा बाहेर आला तेव्हा मी मुद्दाम पाहायला मागितला. ओल्या जाळीवर ठेवलेला, नखाएवढा, दीड मिलिमीटर जाडीचा, नारळाच्या कोवळ्या मलईसारखा. वर्षभर ज्याची धास्ती घेतली ते एवढंसं होतं.

6-0 म्हणजे केसासारख्या दोऱ्याने टाके पडले. मग त्यांनी ओल्या गॉजने ती जागा पाच मिनिटं दाबून धरली. हे दाबणं फार महत्त्वाचं. तुकडा आणि खालची जागा यांच्यात रक्ताची गाठ राहिली तर तेवढ्या भागात रस पोचत नाही. कलमाची पट्टी अण्णा इतकी घट्ट का ओढतात, हे मला त्या खुर्चीत कळलं.

दीड तासात मी बाहेर होतो.

नंतरचे पंधरा दिवस

पहिले दोन-तीन दिवस तुकड्याला स्वतःची रक्तवाहिनी नसते. आजूबाजूच्या जागेतून पाझरणाऱ्या द्रवावर तो जगतो. त्यानंतर केसाहून बारीक रक्तवाहिन्या त्याच्यात शिरू लागतात आणि आठ-दहा दिवसांत रक्तपुरवठा बऱ्यापैकी बसतो. म्हणून डॉक्टरांच्या सूचना ऐकायला कितीही जाचक वाटल्या तरी त्यांचा मतलब एकच : हलवू नका. तिथे दोन आठवडे ब्रश लावायचा नाही. त्याऐवजी क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक औषध दिवसातून दोनदा हळूच तोंडात फिरवायचं, जोरात चूळ भरायची नाही. त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात, ते नंतर साफ करून मिळतात, घाबरू नका. ओठ ओढून बघायचा नाही. स्ट्रॉने प्यायचं नाही, त्या ओढीने रक्त सुटतं. तिखट, गरम, कुरकुरीत बंद. मी मऊ मुगाची खिचडी, गार दूधभात, केळ्याचं शिकरण यावर दिवस काढले. पहिल्या दिवशी गालाला बाहेरून बर्फ लावला.

दुखलं ते हिरडीपेक्षा टाळूत. गरम खिचडीने तोंड पोळावं तसं, पाच-सहा दिवस. काही डॉक्टर टाळूवर बसेल अशी पारदर्शक प्लास्टिकची पट्टी आधीच बनवून देतात. ती मिळत असेल तर नक्की घ्या. टाळू दोन ते चार आठवड्यांत भरून येतो.

सूचना पाठ असूनही चौथ्या दिवशी मी चुकलो. ओठ जरासा ओढून आरशात पाहिलं. काठावरचा भाग पांढुरका, भिजलेल्या कागदासारखा दिसत होता. तुकडा सडला, असंच वाटलं. रात्री नऊ वाजता मॅडमना फोटो पाठवला. त्यांनी लगेच कळवलं की वरचा पातळ पापुद्रा सुटतो आहे, खाली गुलाबी येतंय, पुन्हा ओढू नका. तेवढ्यावर समाधान होईना म्हणून अण्णांना फोन केला. ते म्हणाले, ‘काडी रुजली का, म्हणून रोज हलवून बघणाऱ्याचं कलम कधी जगलंय का?’

खूप रक्त येत राहिलं, पू किंवा ताप आला, तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर दुखणं कमी होण्याऐवजी वाढत गेलं, तर मात्र थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

सिगारेट, विडी, तंबाखू यांच्याबद्दल वेगळं लिहायलाच हवं. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि इथे सगळा खेळ त्यांचाच आहे. धूम्रपान करणाऱ्यांत मूळ कमी झाकलं जातं हे वारंवार दिसून आलं आहे. बरेच डॉक्टर सोडल्याशिवाय हात लावत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणून मगच तारीख घ्यावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या मनाने बंद करू नका. दंतवैद्य आणि तुमचे हृदयाचे डॉक्टर यांनी आपसांत बोलून काय ते ठरवायचं.

टाळूतून काढायचंच नसेल तर

एकाच वेळी पाच-सहा दातांची हिरडी गेलेली असते, तेव्हा टाळूतलं पुरत नाही. अशा वेळी दुसऱ्या माणसाने दान केलेल्या त्वचेतल्या पेशी काढून टाकून बनवलेली जाळी, डुकराच्या ऊतीपासून बनवलेलं कोलॅजन, किंवा बाळाच्या वारेचं पातळ आवरण वापरतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या ऊतिपेढीत (टिश्यू बँकेत) हे आवरण प्रक्रिया करून साठवलं जातं. आणखी एक मार्ग म्हणजे तुमचंच थोडं रक्त काढून ते यंत्रात फिरवून मिळणारा फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठताना तयार होणाऱ्या तंतूंचा, घट्ट साका. फ्रान्सच्या शूक्रून यांनी 2001 मध्ये ही पद्धत आणली. टाळूची जखम वाचते, हा या सर्वांचा मोठा फायदा. पण हिरडी जाड करण्यात आणि वर्षानुवर्षं टिकण्यात स्वतःच्या टाळूचा तुकडा अजून पुढे आहे. बाहेरचं काही वापरणार असतील तर ते कोणत्या प्राण्याचं किंवा कुणाचं, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. श्रद्धेचा किंवा आहाराचा प्रश्न असलेल्यांनी संकोच न करता आधीच विचारावं.

खर्च दाताच्या संख्येवर, साहित्यावर आणि शहरावर ठरतो. खासगीत तो जड वाटत असेल तर मुंबईचं शासकीय दंत महाविद्यालय, महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय, इथे हिरड्यांचे स्वतंत्र विभाग आहेत. तिथे पदव्युत्तर शिकणारे डॉक्टर आपल्या शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. खेपा जास्त होतात, वेळ जातो, पण खर्च पुष्कळ कमी येतो.

माझे टाके चौदाव्या दिवशी निघाले. दोन महिन्यांनी मोजलं तेव्हा 4 मिलिमीटरपैकी 3 झाकलं गेलं होतं. गार पाण्याची कळ जवळजवळ गेली होती, पूर्ण नाही. मी थोडा हिरमुसलो, पण मॅडम म्हणाल्या, घाई करू नका. ग्राफ्टनंतर काही महिने, कधी वर्षभरसुद्धा, हिरडीचा काठ अगदी सावकाश दाताच्या दिशेने वर सरकत राहू शकतो. सगळ्यांच्या बाबतीत होतंच असं नाही. माझा काठ वर्षाने पुन्हा मोजला तेव्हा आणखी अर्धा मिलिमीटर चढला होता.

मावशीला मी त्याच डॉक्टरांकडे नेलं. तिच्या दातांच्या मधलं हाड बरंच खचलं होतं. मॅडमनी तिला समोर बसवून सांगितलं, ‘मावशी, तुमचं मूळ झाकता येणार नाही, पण आहेत ते दात टिकवता येतील.’ चार खेपांत हिरड्यांची खोल साफसफाई झाली. चाळीस वर्षांची मिश्री सुटायला त्याहून जास्त वेळ लागला. मधे दोनदा पुन्हा सुरू झाली, पुन्हा सुटली. आता सकाळी थुंकताना रक्त येत नाही म्हणते, आणि पुढचा हलणारा दात शेजारच्यांना तारेने बांधून अजून जागेवर आहे.